२०१३ च्या लॅपटॉपवर नवी सिस्टीम

माझा लॅपटॉप २०१३ चा. ४ जीबी रॅम, टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप) नाही, म्हणजे विंडोज ११ चा विषयच संपला. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेटही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. भंगारात द्यायला मन होईना, म्हणून लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली. ती कमी रॅमवरही चालते.

पहिला घोळ माझाच. आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम जिच्यात असते ती) गाणी कॉपी करावीत तशी पेनड्राइव्हवर टाकली आणि लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू व्हावा म्हणून तासभर एफ१२ बडवत बसलो. ती फाइल रूफससारख्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवावी लागते. (त्यात पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं; फोटो आधीच दुसरीकडे काढून ठेवले होते, नशीब.)

इन्स्टॉल बिनबोभाट झालं, पण वाय-फाय गायब! ड्रायव्हर (वाय-फायचा भाग चालवणारा प्रोग्रॅम) नेटवरून घ्यायचा आणि नेटसाठीच ड्रायव्हर हवा. शेवटी मोबाइल यूएसबी केबलने जोडला, टेदरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू केलं, ड्रायव्हर मॅनेजरमध्ये सुचवलेला ड्रायव्हर निवडला आणि रीस्टार्ट केलं. आलं वाय-फाय.

खरा वेग मात्र जुनी हार्डडिस्क काढून २४० जीबीची एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) बसवल्यावर आला. ते आधी सुचलं असतं, तर सगळं दुसऱ्यांदा इन्स्टॉल करावं लागलं नसतं. पूर्वी हा लॅपटॉप सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा.