अंतराळ स्पर्धेचा कालपट कसा आखावा

तीन मीटर लांबीची कागदी पट्टी घ्या. एका महिन्याला 2 सेंटीमीटर धरले की ऑक्टोबर 1957 (पहिला उपग्रह स्पुटनिक) ते जुलै 1969 (चंद्रावर माणूस) त्यात नीट बसते. मधोमध आडवी रेघ मारा. वर सोव्हिएत संघ, खाली अमेरिका.

नोंदी समान अंतरावर चिकटवू नका, स्पर्धेची गती त्यातच हरवते. सोव्हिएत अंतराळवीर गागारिन 12 एप्रिल 1961 ला अंतराळात गेला, अमेरिकेचा शेपर्ड 5 मे रोजी. पट्टीवर जेमतेम दीड सेंटीमीटर. पण गागारिनने पृथ्वीप्रदक्षिणा केली, शेपर्डचे उड्डाण पंधरा मिनिटांचे, कक्षेत न जाणारे. म्हणून नुसते ‘पहिला’ लिहू नका, कशात पहिला ते लिहा. कक्षेत जाणारा पहिला अमेरिकी ग्लेन, 20 फेब्रुवारी 1962.

सर्वाधिक चुका तारखांत होतात. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-1 तिथे 31 जानेवारी 1958 च्या रात्री सुटला, तेव्हा आपल्याकडे 1 फेब्रुवारी उजाडली होती. अपोलो-11 चंद्रावर उतरले 20 जुलैला, भारतीय वेळेनुसार 21 जुलैला पहाटे 1:47 वाजता. सगळ्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत घ्या आणि तसे कोपऱ्यात लिहून ठेवा.

अपयशांसाठी पोकळ वर्तुळ वापरा. अमेरिकेचे व्हॅनगार्ड रॉकेट 6 डिसेंबर 1957 ला जगासमोर कोसळले. सोव्हिएत चांद्ररॉकेट एन-1 चा 3 जुलै 1969 चा स्फोट मात्र त्या वेळी जाहीरच झाला नाही. अशा लपवलेल्या नोंदींभोवती तुटक रेघ काढा. ही वर्तुळे गाळली, तर वरची बाजू खोटीच निर्दोष दिसते.