फाइल समोर असूनही प्रोग्रामला सापडत का नाही?

पायथनची स्क्रिप्ट आणि तिला लागणारी 'दर.सीएसव्ही' एकाच फोल्डरमध्ये आहेत. टर्मिनलमधून चालवली की स्क्रिप्ट नीट चालते, विंडोजच्या टास्क शेड्युलरला (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारी सोय) लावली की 'फाइल नॉट फाउंड' म्हणून बंद पडते. फाइल जागेवरच असते, प्रोग्राम ती भलतीकडे शोधत असतो.

ओपन('दर.सीएसव्ही') असं नुसतं नाव दिलं की ते प्रोसेसच्या (म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामच्या) करंट वर्किंग डिरेक्टरीला, म्हणजे ती त्या क्षणी ज्या फोल्डरमध्ये उभी आहे त्याला, जोडलं जातं. ही डिरेक्टरी प्रत्येक प्रोसेसची वेगळी असते. जो प्रोग्राम प्रोसेस सुरू करतो तो ही डिरेक्टरी ठरवून देतो, नाहीतर स्वतःचीच पुढे देतो. स्क्रिप्ट डिस्कवर कुठे ठेवली आहे, याचा इथे काही संबंध नाही. त्यात इम्पोर्ट आणखी घोळ घालतं: पायथन स्क्रिप्टचा फोल्डर सिस.पाथमध्ये (मॉड्यूल शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) सगळ्यात आधी टाकतो, त्यामुळे शेजारचं मॉड्यूल सापडतं आणि शेजारची सीएसव्ही मात्र नाही.

आधी खात्री करा. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ओएस.गेटसीडब्ल्यूडी() (वर्किंग डिरेक्टरी) आणि __फाइल__ (स्क्रिप्टचा स्वतःचा पाथ) या दोन्ही किमती लॉगमध्ये लिहा. लॉगचा पाथ पूर्ण द्या, नाहीतर लॉगच शोधत बसाल. टर्मिनलमध्ये तुम्ही उभे असाल तो फोल्डर दिसेल. क्रॉनमध्ये (लिनक्सवर ठरल्या वेळी कमांड चालवणारा) सहसा युजरचं होम, सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा) सिस्टिम सर्व्हिसमध्ये काही सांगितलं नसेल तर थेट रूट, म्हणजे सगळ्यात वरचा फोल्डर, आणि टास्क शेड्युलरमध्ये 'स्टार्ट इन' रिकामं सोडलं तर बहुधा विंडोजचा सिस्टिम32. लिनक्सवर चालू असलेल्या प्रोसेसचं बघायचं तर पीडब्ल्यूडीएक्स या कमांडला तिचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) द्या.

दुरुस्ती दोन ओळींची (पाथ आधी पाथलिबमधून इम्पोर्ट करा):

बेस = पाथ(__फाइल__).रिझॉल्व्ह().पॅरेंट
दर = बेस / 'दर.सीएसव्ही'

रिझॉल्व्ह गाळू नका. सिमलिंकवरून (दुसरीकडच्या फाइलकडे नेणाऱ्या दुव्यावरून) स्क्रिप्ट चालवली तर मूळ फोल्डर त्यानेच मिळतो. शिवाय पायथन 3.9 च्या आधी मुख्य स्क्रिप्टचा __फाइल__ अर्धवट पाथ असू शकायचा, आणि मध्येच डिरेक्टरी बदलली की तो चुकायचा.

सुरुवातीलाच ओएस.सीएचडीआयआरने वर्किंग डिरेक्टरी बदलून मोकळं व्हायचा मोह होतो. तो टाळा. वापरणाऱ्याने कमांड लाइनवर 'जून.सीएसव्ही' दिली, तर ती त्याच्या फोल्डरमधली असते, तुमच्या नव्हे. प्रोग्रामसोबत येणाऱ्या फाइल्स बेसवरून घ्या, माणसाने दिलेलं नाव वर्किंग डिरेक्टरीवरून.

लिहिताना होणारी चूक जास्त त्रासाची. वाचायची फाइल नसेल तर एरर तरी येते. 'डब्ल्यू' (लिहिण्याच्या) मोडमध्ये उघडली तर परवानगी असेल तिथे नवी फाइल गुपचूप तयार होते, आणि तुम्ही जुनीच उघडून 'अपडेट का होत नाही' म्हणत राहता.

कोडला हात लावता येत नसेल तर बाहेरून सोय करा. क्रॉनच्या ओळीत कमांडच्या आधी सीडी, मग फोल्डरचा पूर्ण पाथ आणि && लिहा. सिस्टिमडीत 'वर्किंगडिरेक्टरी=' भरा. टास्क शेड्युलरमध्ये 'स्टार्ट इन' भरा, पण पाथमध्ये स्पेस असली तरी अवतरणचिन्हं देऊ नका, त्यांच्यामुळे टास्क सुरूच होत नाही. बॅच फाइलमध्ये सीडीला /डी जोडा, नाहीतर ड्राइव्ह बदलत नाही.

ज्युपिटर नोटबुकमध्ये __फाइल__ सहसा नसतोच. पायइन्स्टॉलरने (स्क्रिप्टची ईएक्सई बनवणारं साधन) एकाच फाइलची ईएक्सई केली तर __फाइल__ तात्पुरत्या फोल्डरकडे बोट दाखवतो. ईएक्सईशेजारची सेटिंग फाइल हवी असेल तर सिस.एक्झिक्युटेबलचा (ईएक्सईचा स्वतःचा पाथ) पॅरेंट घ्या.