उत्तर माहीत नसलेली गोष्ट: कथा लिहू पाहणाऱ्यांसाठी

कथा लिहायला बसण्यापूर्वी लेखकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: जे सांगायचे आहे ते लेखात सांगता येईल का? येत असेल, तर लेखच लिहावा. कथेची गरज तेव्हा पडते, जेव्हा एखाद्या माणसाचे वागणे आपल्याला स्पष्ट दिसते, त्याची चार कारणेही सांगता येतात, आणि तरीही ते वागणे आपल्याला उमगलेले नसते. न उमगलेले शोधण्यासाठी कथा लिहिली जाते, असे माझे ठाम मत आहे, आणि लेखनतंत्राचे बहुतेक निर्णय या एका गोष्टीवरून घेता येतात.

पुण्यातच याचे ठळक उदाहरण आहे. १८८१ साली ‘केसरी’ आणि १८८८ साली ‘सुधारक’ ही वृत्तपत्रे सुरू झाली, आणि संमतिवय (शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय), बालविवाह, विधवांचे केशवपन या प्रश्नांवर या शहरात अटीतटीचे वाद छापले जाऊ लागले. त्याच काळात, १८९० साली, हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. दोन्ही बाजूंचे मुद्दे तोवर वाचकांच्या ओळखीचे झाले होते. आपट्यांनी कादंबरीच्या नायिकेला, यमूला, तिची हकीकत तिच्याच तोंडून सांगू दिली, लहानपणापासून, खेळण्या-भांडण्यासकट. त्यामुळे केशवपनापाशी पोहोचेपर्यंत वाचक त्या मुलीबरोबर इतका काळ राहिलेला असतो की त्याला त्या प्रसंगाकडे केवळ वादाचा विषय म्हणून पाहता येत नाही. सुधारणेची बाजू घेणारा निबंध आपटेही लिहू शकले असते. यमूच्या मनात काय चालले असेल, हे मात्र त्या निबंधातून कळले नसते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. नवी पेठ, सदाशिव पेठ आणि शास्त्री रस्ता या भागात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका दाटीने आहेत. गावाकडून आलेली मुले-मुली इथे कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहतात, मेसचा डबा खातात आणि पूर्व, मुख्य, मुलाखत या टप्प्यांच्या हिशेबाने वर्षे मोजतात. समजा, लेखकाला इथे असा एक मुलगा दिसला की ज्याने परीक्षा देणे सोडले आहे, यंदा अर्जही भरलेला नाही, तरी तो रोज सकाळी सातला येऊन ठरलेल्या खुर्चीवर बसतो. ‘स्पर्धा परीक्षेच्या चक्रात अडकलेली पिढी’ हा झाला लेखाचा विषय. ‘तो रोज का येतो?’ हा कथेचा प्रश्न आहे, आणि लेखकाला त्याचे उत्तर ठाऊक नाही, ही त्याची जमेची बाजू आहे.

पहिले काम म्हणजे सुचतील ती सगळी कारणे वहीत लिहून काढावीत. घरच्यांची भीती, लोकलज्जा, सवय ही सर्वांत आधी सुचतील. ती खोटी नाहीत, पण ती वर्तमानपत्रातून आपल्या डोक्यात आलेली आहेत, म्हणून ती बाजूला ठेवावीत आणि पुढे लिहीत राहावे. केव्हातरी असे एखादे कारण हाती येते की जे फक्त त्याच मुलाला लागू पडते. नव्याने आलेली मुले त्याला राज्यघटनेतल्या शंका विचारतात आणि ‘सर’ म्हणतात. गावात, घरात, कुठेही त्याला असे कुणी म्हटलेले नाही. येथे लेखकाच्या मनातला मुलगा बदलतो. तो केवळ हरलेला राहत नाही. त्याला काहीतरी मिळालेले आहे आणि ते गमवायचे नाही, असा तो होतो. ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही नसते अशा पात्राभोवती कथा उभी राहायला फार कष्ट पडतात.

यानंतर काळ आखडता घ्यावा. नवोदितांच्या कथा बहुधा येथे फसतात, कारण ते मुलाच्या पुण्यात येण्यापासून सुरुवात करतात आणि पाच वर्षे क्रमाने सांगत जातात. त्याऐवजी एकच दिवस घ्यावा: पंढरपूर तालुक्यातल्या गावाहून वडील न कळवता निघाले आहेत, एसटीने स्वारगेटला उतरले आहेत आणि रिक्षाचे पैसे वाचवण्यासाठी नव्या पेठेपर्यंत चालत येत आहेत. मागची पाच वर्षे या एका दिवसात जिथे टोचतील तिथेच आणि तेवढीच येऊ द्यावीत.

मग सर्वांत अवघड निर्णय येतो: ही गोष्ट कोण सांगणार? मुलाने स्वतः ‘मी’ म्हणून सांगितली, तर तो स्वतःशी किती खरे बोलतो हेच कथेचे मर्म होईल. परंतु त्याला स्वतःचे सगळे नीट कळलेले असेल, तर त्याचे निवेदन खोटे वाटेल, म्हणून वाचकाला दिसेल आणि त्याला दिसणार नाही असे काहीतरी लेखकाने राखून ठेवावे लागेल. डबा देणाऱ्या काकूंनी सांगितली, तर त्यांना मुलगा दारापुरताच ठाऊक असेल. थकलेले पैसे, डब्यात उरलेली भाकरी, फोनवरचा बदललेला आवाज एवढ्यावरून त्या अंदाज बांधतील, आणि त्यांचे स्वतःचे आयुष्यही त्या अंदाजांत मिसळेल. तृतीयपुरुषी निवेदन केले, तरी कुणाच्या खांद्यामागे उभे राहायचे हे ठरवावेच लागते. एकाच परिच्छेदात मुलाच्याही आणि वडिलांच्याही मनात शिरल्याने दोघांचीही मने वरवरची राहतात. मराठीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ असे लिहिताक्षणी निवेदकाचे स्त्री-पुरुष असणे उघड होते, त्यामुळे ते लपवून शेवटी धक्का देण्याची युक्ती इथे फारशी चालत नाही. ती न चालल्याने काही बिघडत नाही. निवेदकाबद्दल खात्री नसेल, तर पहिले एक पान तिन्ही पद्धतींनी लिहून पाहावे. ज्या पानावर लेखकाला आधी माहीत नसलेले काही सापडते, ते पान पुढे न्यावे.

संवादांत कोण कुणाला काय म्हणतो, याकडे बारकाईने लक्ष द्यावे. मुलगा वडिलांना गावच्या बोलीत ‘अण्णा, तुमी कशाला आलासा?’ असे विचारेल आणि तेवढ्यात एखादा विद्यार्थी शंका घेऊन आला, तर त्याच्याशी प्रमाण मराठीत बोलू लागेल. मुलगा आपल्या देखत दुसरीच भाषा बोलतो, हे वडिलांनी ऐकणे एवढ्यानेही कथेतला ताण वाढतो. ‘वडिलांना परकेपणा जाणवला’ असे वाक्य वर लिहिण्याची गरज उरत नाही. मात्र बोली केवळ रंगापुरती वापरू नये. ती ऐकलेली नसेल, तर साध्या मराठीत संवाद लिहिणे अधिक प्रामाणिक आहे.

‘आपल्या अनुभवातलेच लिहा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. तपशील अनुभवातले असावेत, पण अनुभव जसाच्या तसा उतरवला की लेखक स्वतःला सांभाळून घेऊ लागतो. व्यंकटेश माडगूळकर यांनी पुण्यात आकाशवाणीत नोकरी केली आणि लिहीत राहिले ते आपल्या जन्मभूमीबद्दल, माणदेशाबद्दल. मला वाटते, पाहिलेले आणि लिहिलेले यांत असे काही अंतर पडले की काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवणे सोपे जाते. वाचनही याच दृष्टीने करावे. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, महाराष्ट्र साहित्य परिषदेचे ग्रंथालय टिळक रस्त्यावर आहे. आवडलेली एक कथा तिथे बसून दुसऱ्यांदा वाचावी आणि लेखकाने काय सांगितलेले नाही, याची नोंद करावी. पहिल्या वाचनात हे दिसत नाही, कारण तेव्हा आपण पुढे काय होते यातच गुंतलेले असतो.

पहिला खर्डा शक्यतो न थांबता लिहावा आणि काही आठवडे बाजूला ठेवावा. नंतर तो मोठ्याने वाचावा; जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा वाक्याची रचना उसनी असते. पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून कथा सुरू होते का, ते पाहावे, पुष्कळदा होते. पात्राची भावना सांगणारे प्रत्येक वाक्य काढून पाहावे, आणि त्यावाचून काही अडत नसेल तर ते परत घालू नये. शेवटाबद्दल मात्र घाई करू नये. वडील सगळे ओळखून काहीच न बोलता परत जातात, हा शेवट लगेच सुचतो, म्हणूनच त्याच्याकडे संशयाने पाहावे. कदाचित वडीलच त्या खुर्चीशेजारी बसतील आणि मुलाला एखादी शंका विचारतील. मग मुलगा त्यांना कोणत्या भाषेत उत्तर देतो, याच्या शोधात लेखकाला आणखी दोन पाने लिहावी लागतील.

प्रकाशनासाठी मराठी कथालेखकाला दिवाळी अंकांचे दार आहे; १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने ही प्रथा सुरू केली आणि ती आजही टिकून आहे. अंकांची जुळवाजुळव दिवाळीच्या काही महिने आधीच सुरू होते, म्हणून कथा पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत तयार असावी. ज्या अंकाला पाठवायची त्याचा मागील अंक वाचून घ्यावा, कथा युनिकोडमध्ये टंकलिखित करावी, सोबतचे पत्र चार ओळींचे असावे आणि त्यात कथेचा आशय समजावून सांगू नये. एका वेळी एकाच संपादकाकडे कथा द्यावी. बराच काळ उत्तर आले नाही, तर नम्रपणे कळवून ती दुसरीकडे पाठवावी.