प्रकल्पात इंटरनेटवरचे संदर्भ कसे द्यावेत

बारावीचा पर्यावरण प्रकल्प असो की एम.ए.चा लघुप्रबंध, शेवटच्या पानावर 'संदर्भ : गुगल, विकिपीडिया' एवढीच ओळ अनेकदा दिसते. गुगल फक्त पानं शोधून देतं. माहिती ज्या पानावर वाचली, ते पान म्हणजे संदर्भ. तपासणाऱ्याला नेमक्या त्याच मजकुरापर्यंत जाता यायला हवं.

१. वाचतानाच नोंद करा

लेखक, लेखाचं शीर्षक, संकेतस्थळ, प्रकाशनाची तारीख, दुवा आणि आपण ते पान पाहिल्याची तारीख लगेच लिहून ठेवा. जमा करायच्या आदल्या रात्री हे शोधत बसलात तर अर्धी पानं सापडत नाहीत. लेखकाचं नाव नसेल तर संस्थेचं द्या. तारीख नसेल तर 'दिनांक नाही' असं लिहा, अंदाजाने टाकू नका. नाव नीट शोधा मात्र. मराठी विश्वकोशात ते नोंदीच्या शेवटी असतं, आणि म्हणूनच अनेकांच्या नजरेतून सुटतं.

२. मुळापर्यंत जा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समजा, विषय कास पठार आहे. 'कास हे जागतिक वारसा स्थळ आहे' असं तुम्हाला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. युनेस्कोच्या संकेतस्थळावरची नोंद उघडा. २०१२ साली यादीत आला तो पश्चिम घाट; त्यातल्या ३९ स्थळांपैकी कास एक, आणि महाराष्ट्रातली कोयना, चांदोली व राधानगरी ही आणखी तीन. मूळ नोंद पाहिल्यामुळे तुमचं वाक्यच बदलतं, जास्त अचूक होतं. लोकसंख्येचा आकडा बातमीत दिसला तरी जनगणनेच्या तक्त्यात पाहून घ्या. मूळ मिळालंच नाही तर जे वाचलं त्याचाच संदर्भ द्या. न उघडलेला अहवाल यादीत घालू नका.

३. वाक्यापाशी खूण करा

नुसती शेवटची यादी पुरत नाही. माहिती जिथे वापरली तिथेच कंसात लेखक व वर्ष द्या किंवा तळटीप टाका. शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्हं हवीतच. स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी संदर्भ द्यावा लागतो, कारण माहिती दुसऱ्याची आहे. दोन-चार शब्द फिरवले म्हणून वाक्य आपलं होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधातलं इतरांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांवर गेलं की कारवाई सुरू होते. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर त्या मोजणीतून वगळला जातो.

४. यादी एका पद्धतीने लिहा

उदाहरणार्थ :

युनेस्को जागतिक वारसा केंद्र. 'वेस्टर्न घाट्स'. दिनांक नाही. [पानाचा पूर्ण दुवा]. पाहिल्याचा दिनांक : १२ जुलै २०२५.

एपीए, एमएलए अशा संदर्भ लिहिण्याच्या ठरलेल्या शैलींत क्रम थोडा वेगळा असतो. कोणती वापरायची ते मार्गदर्शकांना विचारा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. दुवा थेट त्या पानाचा द्या, मुखपृष्ठाचा नको. शोधनिबंधाला १० ने सुरू होणारा डीओआय क्रमांक (त्या निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक) असेल तर तोच द्या; संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी तो कायम राहतो. व्हिडिओ असेल तर चॅनेलचं नाव आणि मिनिट-सेकंदही लिहा.

५. बदलणारी पानं जपून ठेवा

विकिपीडियाचा लेख उद्या वेगळा दिसू शकतो. 'इतिहास पहा'मध्ये जाऊन तुम्ही वाचलेल्या आवृत्तीचा दुवा घ्या. इतर पानं इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर विनामूल्य साठवता येतात. तिथे मिळणारा दुवा मूळ दुव्याशेजारी द्या.

६. एआयने दिलेले संदर्भ तपासा

चॅटजीपीटीसारखी साधनं कधीकधी अस्तित्वातच नसलेले लेख, खरे वाटतील अशा नावांसह सांगतात. प्रत्येक संदर्भ उघडा, वाचा, ते विधान त्यात आहे का ते पाहा. सापडला नाही तर तो संदर्भ आणि त्याच्या आधारावर लिहिलेलं वाक्य, दोन्ही काढून टाका.