विमान ठरायच्या आधी इंजिन घेऊ नका: प्रोपेलरच्या त्याच त्या चुका

“शंभर एचपीचं इंजिन स्वस्तात मिळतंय, घेऊन ठेवू का?” हा प्रश्न स्वतःचं छोटं विमान बांधायला निघालेल्यांनी मला इतक्यांदा विचारलाय की आता मी उत्तर देत नाही, उलट विचारतो: विमान कुठलं? बहुतेक वेळा ऐकू येतं, “ते अजून ठरायचंय.” आधी कळस, मग पाया.

शंभर म्हणजे तरी कुठले शंभर? कॉन्टिनेंटल ओ-२०० हे इंजिन २७५० आरपीएमला (मिनिटाला फेरे) १०० एचपी देतं आणि प्रोपेलर (विमानाला ओढणारा पंखा) थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, बसतो. रोटॅक्स ९१२ यूएलएससुद्धा १०० एचपीचं, पण ५८०० आरपीएमला, तेही फक्त पाच मिनिटं. नंतर ५५०० च्या आत यावं लागतं. त्याच्या गिअरबॉक्समुळे (२.४३ ला १) प्रोपेलर मात्र जेमतेम २४०० ने फिरतो. कागदावर दोन्ही सारखी, पण एकाचा प्रोपेलर दुसऱ्याला चालणार नाही. इंजिन आणि प्रोपेलर जोडीनंच निवडायचे, आणि विमान किती वेगानं उडणार ते ठरल्यावरच.

पडून आहे तोच प्रोपेलर लावणं

ही माझी सर्वांत नावडती चूक, कारण मी स्वतः ती केलीय.

एका मित्राचं एक सीटचं, पंख वर असलेलं, ताशी ११० किलोमीटरनं रमतगमत जाणारं विमान. इंजिन फोक्सवॅगनवरून बनवलेलं, ३२०० आरपीएमला साठ एचपी. प्रोपेलर मी दिला. माझ्याकडे एका वेगवान विमानाचा लाकडी प्रोपेलर होता, ६० इंच व्यास, ४२ इंच पिच (एका फेऱ्यात तो कागदोपत्री जितका पुढे सरकतो ते अंतर). भोकं जुळली, हब जुळला, आम्ही खूश.

धावपट्टीवर पूर्ण थ्रॉटल दिला. विमान पळतंय, पळतंय, पण उडायचं नाव नाही. कसंबसं दोन फूट उचललं तेव्हा निम्मी धावपट्टी संपली होती. मी थ्रॉटल मागे घेतला. मग आम्ही पडलो कार्ब्युरेटरच्या मागे. जेट बदलले, इग्निशनचं टायमिंग तपासलं, प्लग बदलले, कॉम्प्रेशन मोजलं. दोन शनिवार-रविवार गेले. सगळं ठणठणीत!

शेवटी एका जुन्या मेकॅनिकनं विचारलं, “स्टॅटिक आरपीएम किती येतं?” म्हणजे विमान जागेवर उभं ठेवून पूर्ण थ्रॉटलला. मी म्हटलं, २७००. “टॅकोमीटर तपासलायस?” तपासला नव्हता. ऑप्टिकल टॅकोमीटर लावला तर खरा आकडा २४५०. घोडं कुठं पेंड खातंय ते तेव्हा कळलं. साठातले पंधरा घोडे तबेल्यातच राहिले होते.

हिशोब अवघड नव्हता, करायचा आळस केला होता. पिचचे इंच गुणिले आरपीएम, भागिले १०५६: येतो तो पाती अजिबात न घसरता पुढे सरकली तर मिळणारा वेग, मैल प्रतितासात. ४२ गुणिले ३२०० भागिले १०५६ म्हणजे १२७ मैल, साधारण २०५ किलोमीटर. ११० नं जाणाऱ्या विमानाला हा पंखा म्हणजे चढावर टॉप गिअरमध्ये गाडी सोडणं. त्याच व्यासाचा, २८ इंच पिचचा प्रोपेलर उसना आणला. स्टॅटिक २८५० झालं आणि विमान असं उडालं की जणू काही झालंच नव्हतं.

उलटही होतं. पिच फार कमी असेल तर चढाई झकास, पण सरळ उड्डाणात इंजिन लाल रेषेपलीकडे (कमाल आरपीएमच्या वर) पळतं आणि थ्रॉटल मागे घेऊन रांगत जावं लागतं. जमिनीवर कमाल आरपीएमच्या ८५ ते ९० टक्के मिळाले की मी पहिल्या उड्डाणाचा विचार करतो, आणि सरळ उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला लाल रेषेच्या जरा अलीकडे थांबायला हवं. ही माझी सवय आहे. इंजिनाच्या किंवा प्रोपेलरच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर त्यांचं ऐका.

व्यासाचंही असंच. हळू उडणाऱ्या विमानाला मोठा, सावकाश फिरणारा पंखा मानवतो. राइट बंधूंनी १९०३ मध्ये १२ एचपीच्या आसपास ताकदीवर उड्डाण केलं, कारण साखळीनं फिरवलेले त्यांचे साडेआठ फुटी प्रोपेलर मिनिटाला साडेतीनशेच फेरे घेत होते. पण म्हणून ३२०० नं फिरणाऱ्या क्रँकशाफ्टवर सहा फुटी पंखा लावाल तर पात्याचं टोक सेकंदाला ३०० मीटरच्या पुढे जाईल. ध्वनीचा वेग आहे ३४०. ताकद आवाजात जाईल आणि शेजारीपाजारी तुमचं नाव काढतील.

“थोडी जास्त ताकद असलेली बरी”

नाही हो, बरी नाही. आराखड्यात ८० एचपी लिहिलंय आणि तुम्ही १०० लावलीत, तर ताकद पंचवीस टक्के वाढली, पण सरळ उड्डाणातला वेग जेमतेम आठ टक्के. तो ताकदीच्या घनमुळानं वाढतो. चढाईत फरक पडतो, हे मान्य. पण नाकावर वजन किती आलं? समजा ८ किलो जास्त, गुरुत्वमध्यापासून दीड मीटर पुढे. साडेचारशे किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य अडीच सेंटिमीटरहून जास्त पुढे सरकतो. नाक जड झालं की उतरताना एलेव्हेटर (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा भाग) पुरत नाही. मग लोक शेपटीत शिसं भरतात, आणि हलक्या विमानाला उगाच बाळसं येतं.

जाहिरातीतलं वजन तर बघूच नका. त्यात बहुधा एक्झॉस्ट नसतो, रेडिएटर नसतो, ऑइल, पाणी, होसपाइप, बॅटरी, इंजिन माउंट, काही म्हणजे काही नसतं. मी प्रत्येक वस्तू, नटबोल्टच्या पिशवीसकट, काट्यावर ठेवून वहीत लिहितो. लोक हसतात. हसू देत.

बाकीच्या चुका, भराभर

फोक्सवॅगनच्या क्रँकशाफ्टवर धातूचा जड प्रोपेलर लावू नका. लाकूड कंपनं जिरवतं, धातू ती क्रँकशाफ्टच्या माथी मारतो.

लाकडी प्रोपेलरचे बोल्ट एकदा आवळले की झालं, असं नसतं. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. पहिल्या उड्डाणानंतर आणि ऋतू बदलला की टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं आवळायचा पाना) हातात घ्यायचा.

प्रोपेलरच्या टोकाचं जमिनीपासून अंतर मोजा, तेही विमान भरलेलं असताना. छोट्या प्रमाणित विमानांसाठीचा अमेरिकी नियम २०१७ पर्यंत नाकाचं चाक असेल तर ७ इंच आणि शेपटीचं चाक असेल तर ९ इंच सांगत होता. मोठा पंखा घेण्याआधी हे बघायचं.

इंधनाचा प्रवाह सपाट जमिनीवर मोजून समाधान मानू नका. नाक चढाईच्या कोनात उचला, टाकीत थोडंच इंधन ठेवा, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडून भांड्यात धरा. इंधन नुसतं गुरुत्वाकर्षणानं येत असेल तर इंजिनाच्या कमाल गरजेच्या दीडपट, पंप असेल तर सव्वापट यायला हवं.

राहिलं गाडीचं इंजिन. “हजारो किलोमीटर चालतं, विमानात का नाही चालणार?” चालेल. पण गाडीत ते क्वचितच पूर्ण ताकदीनं धावतं, इथे चढाईभर तसंच ओढणार. त्यात रिडक्शन ड्राइव्ह (प्रोपेलरचे फेरे कमी करणारी जोडणी) आला, त्याची पिळाची कंपनं आली, थंड ठेवायची कटकट आली, आणि इग्निशन बहुधा एकच. ज्यांनी हे नीट जमवलं त्यांची वर्षं त्यात गेलीत. पहिल्याच विमानात तुम्हाला ते सहा महिन्यांत हवंय. पी हळद आणि हो गोरी! तुमच्याच आराखड्याच्या विमानावर, तेच इंजिन आणि तोच प्रोपेलर लावून दोन-तीनशे तास उडालेला माणूस शोधा, त्याचे स्टॅटिक आकडे आणि ऑइलचं तापमान विचारा. असा माणूस सापडला नाही तर पैसे खिशात ठेवा आणि पंखांच्या रिब्जना (आतल्या फासळ्यांना) घासकागद मारत बसा. ते काम तसंही संपलेलं नसणार.