ॲकॉर्डियनवाले पाहुणे येण्याआधी

पहिलं काम सभागृहाचं नाही, सुराचं. हॉल, बॅनर, चहा या गोष्टी कुणालाही आठवतात, म्हणून त्या मुद्दाम खाली ढकलल्या आहेत. जानेवारीत पुण्यातल्या आपल्या कार्यक्रमाला येणाऱ्या प्रत्येक परदेशी ॲकॉर्डियनवादकाला याच आठवड्यात एका ओळीचा प्रश्न पाठवायचा: तुमच्या वाद्याचा 'ए' हा स्वर किती हर्ट्झला लावलेला आहे? युरोपातले बरेच ॲकॉर्डियन 442 ला लावलेले असतात, आपल्या पेट्या बहुधा 440 च्या आसपास. दोनचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण दोघांनी तो स्वर एकदम धरून ठेवला की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात, आणि पुण्यात असे हेलकावे मोजणारे लोक तिकीट काढून येतात. सतार उतरवता येते, तबला हातोडीने चढवता येतो, तानपुऱ्याचं ॲप तर बोटाने सरकवायचं. ॲकॉर्डियन आणि पेटी मात्र जागच्या हलत नाहीत. धातूची पातळ पट्टी म्हणजे रीड, तिच्या मापाची फट आणि भात्याची हवा, एवढाच दोघांचा संसार. भाता जोरात ओढला तर आवाज वाढतो, सूर आहे तिथेच राहतो. म्हणून एकत्र वादनासाठी आपली एक पेटी 442 ला लावून घ्यायची आणि ती नोव्हेंबरातच कारागिराकडे पोचवायची. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या आसपास कुणाला 'जरा लवकर द्या' म्हणण्यात अर्थ नसतो.

दुसरा प्रश्न पट्टीचा, म्हणजे कुठला स्वर 'सा' धरायचा याचा. पियानोसारख्या बोटांनी दाबायच्या 41 पट्ट्या आणि डावीकडे 120 बटणं असलेला ॲकॉर्डियन कुठल्याही पट्टीत वाजतो, त्याची काळजी नको. पण कोलंबियात वायेनातो हे तिथलं लोकसंगीत ज्यावर वाजवतात तो लहान, तीन ओळींचा बटणांचा ॲकॉर्डियन वेगळा. उजवीकडे 31 बटणं. भाता दाबताना एका बटणातून एक सूर, ओढताना दुसरा. असं वाद्य ठरावीक पट्ट्यांसाठीच बांधलेलं असतं. 'जरा काळी एकमध्ये घ्या ना' असं ऐनवेळी म्हटलं तर त्या माणसाला दुसरं वाद्यच उचलावं लागतं. तेव्हा वादकांकडून पट्ट्यांची यादी आली की ती आधी तबलजींना द्यायची, म्हणजे ते तेवढ्या पट्ट्यांचे तबले घेऊन येतील.

तालमीच्या दिवशी पेटीचे कारागीर हाताशी असावेत, पण त्यांना एक गोष्ट आधी सांगून ठेवायची. फ्रेंच म्युझेत ढंगाच्या ॲकॉर्डियनमध्ये एकाच स्वराच्या दोन-तीन रीड मुद्दाम थोड्या पुढेमागे लावलेल्या असतात. तो थरथराट हेच त्याचं सौंदर्य. आपला सुराचा पक्का माणूस ते ऐकून अस्वस्थ होईल आणि कानस हातात घेईल. रीड टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. घासून गेलेला धातू मात्र परत येत नाही. पाहुण्याने स्वतः सांगितल्याशिवाय त्याच्या वाद्याचा एकही स्क्रू उघडायचा नाही.

आता ऊन. आपल्या पेटीच्या रीड स्क्रूने बसवलेल्या असतात. ॲकॉर्डियनमध्ये त्या बहुतेक वेळा मेण आणि राळेच्या मिश्रणाने चिकटवलेल्या असतात. बंद गाडीत मेण मऊ होतं, रीड सरकते आणि ते वाद्य पुण्यात त्या दिवशी दुरुस्त होत नाही. मी एकदा मे महिन्यात माझी पेटी डिकीत ठेवून लग्नाच्या पंगतीला बसलो होतो. पेटी वाचली, भात्याची चामडी सुटली. ॲकॉर्डियन असता तर जिलबीसुद्धा कडू लागली असती. जानेवारीतही दुपारी तीसच्या घरात जातं, तेव्हा गाडीत वाद्य ठेवायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. मुंबई विमानतळावरून येणाऱ्यांसाठी डिकीच्या नव्हे, सीटच्या हिशेबाने गाडी करायची: माणसागणिक एक जागा आणि वाद्यागणिक एक. एसीतून उतरल्यावर खोका लगेच उघडायचा नाही, अर्धा तास तसाच राहू द्यायचा. शहरात रिक्षा करावी लागली तर वाद्य मांडीवर. दहा-बारा किलो वजन आणि आपले गतिरोधक, त्यामुळे मांडी स्वयंसेवकाची.

रंगमंचावर हातांच्या खुर्च्या नकोत, कोपर अडतं. आर्मलेस, न डुगडुगणाऱ्या, दोन उंचीच्या ठेवायच्या. बँडोनिऑन या ॲकॉर्डियनच्या भावंडाच्या वादकाला पाय टेकवायला छोटं स्टूल लागेल. अर्जेंटिनाचे टँगो संगीतकार अस्तोर पियात्सोला पाय उंचावर ठेवून, वाद्य मांडीवर घेऊन उभ्याने वाजवत, तशी पद्धत अनेकांची आहे. माइक एक ठेवून भागत नाही. उजव्या हाताचा आवाज एका बाजूने, डाव्या हाताच्या बासचा दुसऱ्या बाजूने, आणि बासची बाजू भात्याबरोबर सतत पुढेमागे होते. डावीकडे लावायला क्लिपचा माइक मागवून ठेवा. ध्वनिव्यवस्थेवाल्यांना 'पेटीसारखंच आहे' असं कृपा करून सांगू नका.

कागदपत्रं थोडक्यात. परदेशी पाहुण्याची नोंद 24 तासांत करणं हे ज्याच्याकडे तो उतरतो त्याच्यावर असतं; घरगुती यजमानांनी हे विसरू नये. उघड्यावर कार्यक्रम असेल तर रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद. पियात्सोला 1992 मध्ये गेले, म्हणजे आपल्या कायद्याप्रमाणे त्यांच्या रचनांवर अजून हक्क आहे, त्यामुळे रचनांची यादी देऊन परवाना आधी घ्यायचा.

निवेदनाची टिपणं मात्र घाईत उरकायची नाहीत. 'ॲकॉर्डियन' हा एक शब्द बोलून पाच घराणी एका पिशवीत कोंबू नयेत. व्हिएन्नात सिरिल देमियान यांनी 1829 मध्ये या नावाचं पेटंट घेतलं. तिथून ते वाद्य जिथे गेलं तिथलंच झालं. बँडोनिऑन जर्मनीत घडलं आणि अर्जेंटिनाच्या टँगोचा श्वास झालं. अमेरिकेत लुइझियानातल्या झायडेको या नाचाच्या संगीतात ॲकॉर्डियनसोबत एक जण छातीवर पन्हळी पत्र्याचं जाकीट घालून त्यावर चमचे घासतो. ईशान्य ब्राझीलमध्ये लुइझ गोन्झागा यांनी घराघरांत नेलेल्या संगीतात ॲकॉर्डियन, त्रिकोण आणि गळ्यात अडकवलेला झाबुंबा. त्या ढोलाची वरची बाजू जाड टिपराने आणि खालची बारीक काडीने वाजते. आपल्या ढोलपथकातली दोन पोरं त्या तालमीला नक्की बसवा, भाषांतर लागणार नाही. आणि पुणेकरांना सांगायचं की हे वाद्य त्यांच्या कानांना परकं नाही: पुण्याचेच इनॉक डॅनियल्स, मुंबईचे गुडी सिरवई आणि केरसी लॉर्ड यांचा ॲकॉर्डियन हिंदी चित्रपटगीतांतून आपण सगळ्यांनी ऐकलाय, नावं विचारली नाहीत एवढंच. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत पूर्णपणे उठली नाही, हेही एखाद्या वाक्यात यावं. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणं) निघत नाही, सूर जागेवर ठोकलेले, हा पेटीवरचा जुना आक्षेप या सगळ्या पाहुण्यांनाही लागू आहे. बघू या, ते त्याला काय उत्तर देतात.

नावांचे उच्चार प्रत्येकाकडून आवाजी निरोपात मागवून घ्यायचे.

शेवटची तपासणी कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चारला, दिवे पूर्ण लावून, कारण थंड मंचावर जुळलेले सूर दिव्यांखाली थोडे सरकू शकतात. तोवर वाद्यं ग्रीनरूममध्ये पायांवर उभी, आडवी नाहीत, आणि खिडकीपासून लांब. ट्युनर माझ्याकडे आहे. क्लिपच्या माइकच्या बॅटऱ्या कोण आणणार ते अजून ठरलेलं नाही.