बीएस्सीच्या सेमिस्टरची तयारी: वाचणं कमी करा, पाठकोरे कागद संपवा

परीक्षेचं टाइमटेबल लागलं की मला ज्युनियर्सचे मेसेज यायला लागतात, ताई फिजिकल केमिस्ट्री कशी करू, ताई प्रॅक्टिकलला काय विचारतात, ताई मला काहीच आठवत नाहीये. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवते. मी पुणे विद्यापीठातून केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं, नंतर एमएस्सी, आणि आता तालुक्याच्या गावी बीएस्सीच्या मुलांना शिकवते, त्यामुळे उदाहरणं बहुतेक केमिस्ट्रीची येतील, एखादं फिजिक्सचं.

सगळ्यात आधी, टीवायला पाचव्या सेमला माझा फिजिकलचा पेपर राहिला होता. अभ्यास केला नव्हता असं अजिबात नाही, नोट्स चार वेळा वाचून झालेल्या, सगळ्या पानांवर हायलायटर फिरवलेला, आणि वाचताना प्रत्येक ओळ कळत होती. पेपरमध्ये डेरिव्हेशन लिहायला घेतलं आणि चौथ्या ओळीला हात थांबला. पुढे काय येतं ते दिसलं असतं तर मी लगेच ओळखलं असतं पण समोर कोरं पान होतं, ओळखायला काहीच नव्हतं. ओळखता येणं आणि लिहिता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा कळलं, आणि सायन्सच्या पेपरला लिहिता येणंच लागतं.

म्हणून पद्धत अशी. घरात, होस्टेलवर पाठकोरे कागद गोळा करा, जुन्या प्रिंट, कॅलेंडरची पानं, काहीही. एक टॉपिक एकदा शांतपणे वाचा, पुस्तक बंद करा, आणि कागदावर लिहायला बसा. जिथे अडाल तिथे लगेच पुस्तक उघडू नका, दोन-तीन मिनिटं झगडा, मग उघडा, फक्त ती अडलेली ओळ बघा, तिच्यावर लाल पेनने गोल करा आणि परत पहिल्यापासून लिहा. दुसऱ्या दिवशी तेच परत. तिसऱ्यांदा सहसा अडत नाही. कागद नंतर टाकून दिला तरी चालेल पण लाल गोल कुठे कुठे आले ते एका वहीत लिहून ठेवा, पेपरच्या आदल्या रात्री वाचायची वही ती.

एक उदाहरण घेऊया, पार्टिकल इन अ वन डायमेन्शनल बॉक्स. मुलं सगळं पाठ करतात, इक्वेशन, सोल्युशन, शेवटचा एनर्जीचा फॉर्म्युला, आणि मध्ये बाउंड्री कंडिशनला अडतात कारण तो भाग पाठ करून राहत नाही, समजूनच घ्यावा लागतो. भिंतीच्या बाहेर पार्टिकल असूच शकत नाही, म्हणून डाव्या भिंतीवर साय (पार्टिकलचं वेव्ह फंक्शन) शून्य, त्यामुळे कॉसची टर्म गेली. उजव्या भिंतीवर पण साय शून्य, म्हणजे तिथे साइन शून्य व्हायला हवं, आणि साइन शून्य होतं पायच्या पटीतच, तिथून एन (१, २, ३ असा पूर्ण आकडा) येतो. क्वांटायझेशन, म्हणजे एनर्जीच्या ठरावीकच किमती चालणं, कुठून आलं तर या दोन भिंतींमुळे. आणि एन शून्य का चालत नाही? कारण मग साय सगळीकडेच शून्य होतो, म्हणजे बॉक्समध्ये पार्टिकलच नाही. हा प्रश्न दोन मार्कांना हमखास विचारण्यासारखा आहे आणि डेरिव्हेशन लिहून-लिहून समजलेल्याला त्याची वेगळी तयारी लागत नाही.

किती आधी सुरू करायचं

सहा आठवडे मिळाले तर उत्तम, चार मिळाले तरी चालतात. पहिल्या दिवशी अभ्यास करू नका, फक्त दोन गोष्टी करा. विद्यापीठाच्या साइटवरून तुमच्याच पॅटर्नचा सिलॅबस काढा (पॅटर्न बघून घ्या खरंच, नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून क्रेडिट, टॉपिक सगळं हललंय आणि सीनियरच्या नोट्समध्ये तुम्हाला नसलेले टॉपिक निघतात) आणि मागचे जितके पेपर मिळतील तितके लायब्ररीतून झेरॉक्स करून आणा. मग सिलॅबसच्या प्रत्येक टॉपिकसमोर तो कितीदा आणि किती मार्कांना आला ते पेन्सिलने लिहा. तासाभराचं काम आहे पण त्यानंतर कुठे दोन दिवस द्यायचे आणि कुठे अर्धा दिवस ते आपोआप दिसतं. एक मात्र, नाही आलेला टॉपिक सोडून देऊ नका, त्याच्या निदान व्याख्या आणि एक रिअॅक्शन तरी करा.

ऑरगॅनिकला वेगळं काही नाही, मेकॅनिझम रोज दोन काढा, बाण काढताना स्वतःला विचारा इलेक्ट्रॉन कुठून निघाले. बाण लोन पेअर किंवा बाँडपासून सुरू होतो, प्लसपासून कधीच नाही. उलटा बाण काढलात की एक्झामिनरला कळतं की चित्र पाठ केलंय. इनऑरगॅनिकला पाठांतर आहे थोडं, ते सकाळी करा, जेवणानंतर नको.

न्यूमेरिकल

इथे मार्क पूर्ण मिळतात आणि इथेच मुलं फुकट घालवतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. समजा गणित आलं, २७ डिग्री सेल्सिअसपासून ३७ डिग्रीला नेल्यावर रेट कॉन्स्टंट दुप्पट झाला, तर अॅक्टिव्हेशन एनर्जी काढा. आर्हेनियसचं इक्वेशन सगळ्यांना येतं. टेंपरेचर केल्व्हिनमध्ये घ्यायचं, ३०० आणि ३१०, आर, म्हणजे गॅस कॉन्स्टंट, त्याची किंमत ८.३१४, आणि उत्तर येतं साधारण ५३.६ किलोज्यूल पर मोल. आता घाईत कोणी २७ आणि ३७ तसेच टाकले तर उत्तर येतं ५७६ ज्यूलच्या आसपास, म्हणजे अर्ध्या किलोज्यूलपेक्षा थोडं जास्त. कॅल्क्युलेटरला काय, तो देईल ते पण. पण तुम्ही वर्षभरात जितकी गणितं केलीत त्यात अॅक्टिव्हेशन एनर्जी बहुतेक वेळा पन्नास-शंभर किलोज्यूलच्या घरात येते ना, मग अर्धा किलोज्यूल बघून हात थांबायला हवा. ही सवय लावा, उत्तराखाली रेघ मारायच्या आधी एकदा विचारायचं की हा आकडा शक्य आहे का.

आर ची पण तीच गोष्ट. एनर्जी ज्यूलमध्ये असेल तर ८.३१४, लिटर-अॅटमॉस्फिअर असेल तर ०.०८२१, कॅलरी असेल तर १.९८७. प्रत्येक ओळीत आकड्याबरोबर युनिट लिहा, पुढे युनिट कटत नसेल तर चूक जागेवर दिसते. आणि ‘गिव्हन’ म्हणून दिलेली माहिती, फॉर्म्युला, किमती भरलेली ओळ, हे सगळं वेगवेगळ्या ओळीत लिहा, उत्तर चुकलं तरी स्टेपचे मार्क मिळतात.

मराठी मीडियममधून आलेल्यांसाठी

दहावीपर्यंत माझं पण मराठीतच होतं त्यामुळे हे मनापासून लिहितेय. पेपर इंग्रजीत लिहायचा या भीतीने मुलं अख्खे पॅराग्राफ पाठ करतात आणि एक शब्द विसरला की सगळं कोसळतं. त्यापेक्षा टॉपिक आधी मराठीत समजून घ्या, रूममेटला मराठीत समजावून सांगा, बिनधास्त, एन्ट्रॉपी म्हणजे काय गं ते मी सांगते असं करून. मग त्याच्या चार छोट्या इंग्रजी ओळी स्वतः तयार करा. छोटी वाक्यं, प्रत्येकात एकच गोष्ट. जिथे जमेल तिथे आकृती, ग्राफ, रिअॅक्शन काढा आणि त्याला नावं द्या, ग्राफला तर भाषाच लागत नाही. व्याख्या मात्र शब्दाला शब्द पाठ करा, तिथे कमी-जास्त चालत नाही.

प्रॅक्टिकल

प्रॅक्टिकलचे मार्क सगळ्यात हक्काचे आणि मुलं त्याची तयारी आदल्या संध्याकाळी करतात. जर्नल वेळेत सर्टिफाय करून घ्या, शेवटच्या आठवड्यात मॅडमच्या केबिनबाहेर रांग लागते.

टायट्रेशन सगळ्यांनाच येतं पण सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे दरवेळी सारखं येणारं रीडिंग) जुळत नाही अशी तक्रार असते, आणि कारणं ठरलेली असतात. ब्युरेट ज्या सोल्युशनने भरायची त्यानेच आधी खळखळून घ्यायची. भरून झाल्यावर वरचं फनेल काढून ठेवायचं, नाहीतर मध्येच त्यातून थेंब पडतो. नोझलमध्ये बुडबुडा अडकलाय का बघायचं. पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकायचा नाही, टोक फ्लास्कच्या आतल्या भिंतीला टेकवायचं, बस. पायलट, म्हणजे पहिलं अंदाजाचं रीडिंग घेतलं की पुढच्या वेळी त्याच्या एक एमएल आधीपर्यंत भरभर सोडा आणि मग एकेक थेंब. फ्लास्कखाली पांढरी टाइल नसेल तर पांढरा कागद ठेवा. फिनॉल्फ्थॅलिनला अगदी फिकट गुलाबी आला की थांबायचं, छान गडद गुलाबी दिसला म्हणजे तुम्ही पुढे गेलात. परमँगनेट ब्युरेटमध्ये असेल तर रंग गडद असल्याने खालचा मेनिस्कस (द्रवाच्या वक्र पृष्ठभागाची कड) दिसत नाही, वरचा वाचा, आणि प्रत्येक वेळी वरचाच. फ्लास्कमधलं ऑक्झॅलिक अॅसिड ६०-७० डिग्रीला गरम केलेलं असलं तरी पहिल्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो, घाबरू नका, मँगॅनीज आयन थोडे तयार झाले की तेच कॅटॅलिस्टचं काम करतात आणि पुढे रंग पटापट जातो. व्हायवाला हेच विचारतात.

ऑरगॅनिक स्पॉटिंगला, म्हणजे दिलेला पदार्थ ओळखताना, मेल्टिंग पॉइंटवर उडी मारू नका. मेल्टिंग पॉइंट १२२ आला की मुलं डोळे मिटून बेंझॉइक अॅसिड लिहितात, पण बीटा नॅफ्थॉल पण १२२-१२३ लाच वितळतं. बायकार्बोनेटमध्ये टाकून बुडबुडे येतात का एवढंच बघायचं होतं. आले तर अॅसिड, नाही आले आणि सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळलं तर फिनॉलकडे वळा, डाय टेस्टला लाल-केशरी रंग येईल. टाइप, एलिमेंट, फंक्शनल ग्रुप, आणि सगळ्यात शेवटी मेल्टिंग पॉइंट, हा क्रम कधीच मोडायचा नाही.

फिजिक्सवाल्यांसाठी एकच, न्यूटन्स रिंग्ज. मायक्रोस्कोपचा स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा, डावीकडच्या दहाव्या रिंगच्याही दोन रिंगा पलीकडे जायचं आणि तिथून उजवीकडे येत-येत रीडिंग घ्यायची, मध्ये उलटा फिरवला की बॅकलॅश एरर (स्क्रूच्या सैलपणामुळे येणारी चूक) आलाच. सोडियमची वेव्हलेंग्थ ५८९३ अँगस्ट्रॉम, तुमचं उत्तर १४७० च्या आसपास आलं तर बहुतेक डायमीटरच्या जागी रेडियस टाकलाय, बरोब्बर चौपटीचा फरक पडतो.

व्हायवाला येत नसेल तर ‘सर, हे नाही येत’ म्हणा आणि लगेच जोडा की यातलं एवढं येतं. एक्सटर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) बहुतेक वेळा तुमच्याच टेबलवरच्या प्रयोगापासून सुरुवात करतात, त्यामुळे आज हातात आलेल्या प्रयोगाचं प्रिन्सिपल, रिअॅक्शन आणि इंडिकेटर तोच का, एवढं रांगेत उभं असताना मनात म्हणून घ्या.

पेपरचा दिवस

आदल्या रात्री नवीन काही वाचू नका, ती लाल गोलांची वही बघा आणि झोपा. जागून वाचलेलं एखादं पान आठवेल पण न्यूमेरिकलमध्ये साधी वजाबाकी चुकेल, हे मी मुलांच्या बाबतीत दरवेळी बघते. हॉल तिकीट, आयकार्ड, दोन पेन, पेन्सिल, स्वतःचा कॅल्क्युलेटर (ऐनवेळी मैत्रिणीचा मागून आणलेला नको, लॉगचं बटण शोधण्यात वेळ जातो) रात्रीच बॅगेत टाका. सकाळी पोहे, पोळी-भाजी, जे रोज खाता तेच खा.

३५ मार्कांचा पेपर आणि दोन तास असले तर एका मार्काला साडेतीन मिनिटांपेक्षा थोडा कमीच वेळ मिळतो. पाच मार्कांच्या प्रश्नाला सतरा मिनिटं, त्यापुढे गेलं की जागा सोडून पुढचा घ्यायचा. पहिला प्रश्न जो सगळ्यात चांगला येतो तोच लिहा, क्रमाने लिहायची सक्ती नसते, फक्त प्रश्न क्रमांक नीट टाका आणि पुरवणी घेतली तर तिचा नंबर मुख्य उत्तरपत्रिकेवर लिहायला विसरू नका.

डोकं एकदम ब्लँक झालं तर? होतं. पेन खाली ठेवा, पाणी प्या, पाच-सहा श्वास सावकाश सोडा, आणि मग न्यूमेरिकलमधलं फक्त ‘गिव्हन’ उतरवून काढा. त्याला काही आठवायला लागत नाही, प्रश्नपत्रिकेवर सगळं असतं, पण हात चालू झाला की डोकं मागोमाग येतं.

पेपर झाल्यावर गेटवर उत्तरं जुळवत उभं राहू नका. पुढच्या पेपरचं पहिलं पान त्याच संध्याकाळी उघडा, थोडंच, अर्धा तास. आणि हे नीट ऐका, दिवसेंदिवस झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगूच नये असं काही मनात येत असेल तर ते एकटीने किंवा एकट्याने सांभाळायचं नसतं. घरी सांगा, जवळच्या मॅडमना सांगा, नाहीतर १४४१६ ला फोन करा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

विषय राहिला तर

रिझल्ट लागल्यावर दोन दिवस वाईट वाटू द्या, पण तारखेकडे लक्ष ठेवा कारण उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी अर्ज करायची मुदत थोडी असते. रिव्हॅल (पेपर परत तपासणी) करा न करा, फोटोकॉपी मात्र मागवाच. माझी आली तेव्हा मी आणि माझी सीनियर ताई दोघी पेपर घेऊन बसलो, तिने पेन्सिलने एकेका प्रश्नासमोर लिहिलं, इथे युनिट नाही, इथे डेरिव्हेशन अर्धं, इथे ग्राफला अॅक्सिसची नावं नाहीत. विषयच येत नाही असं मी धरून बसले होते आणि प्रत्यक्षात गेलेले बरेचसे मार्क या अशा जागांवर होते. ती यादी मी टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवली. बॅकलॉगचा अभ्यास सेमच्या शेवटी ढकलू नका, आठवड्यातला एक ठरलेला दिवस द्या, मी रविवार सकाळ दिली होती, आणि दर रविवारी एक जुना पेपर घड्याळ लावून पूर्ण सोडवायचे, दुपारी ताईकडे तपासायला नेऊन द्यायचे.